भूत शोधण्याआधी शेगडी पाहा

"त्या खोलीत काहीतरी आहे." वस्तीत राहून हे वाक्य ऐकले नाही असा माणूस विरळा. कुटुंब नव्या खोलीत राहायला येते. महिना-दोन महिन्यांत घरातली बाई सुकते, मुले किरकिरी होतात, खाणे कमी होते, सकाळी उठले तरी डोके जड राहते. रात्री कुणी दचकून उठते. कुणाला पावलांचा आवाज येतो, कुणाला मागे कोणीतरी उभे असल्यासारखे वाटते. मग शेजारीण हळूच सांगते, "आधीच्या भाडेकरूंनाही असंच झालं होतं." तिथून पुढे भगताच्या दारापर्यंतचा रस्ता फार लांब नसतो.

हे आपल्या बौद्ध घरांत होत नाही, असे म्हणून डोळे झाकण्यात अर्थ नाही. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतात, दर पौर्णिमेला आपण विहारात जातो, आणि तरीही घरात आजारपण लांबले की अमावास्येला कुणीतरी गुपचूप उतारा टाकून येते. जे जात नाहीत ते दुसरी चूक करतात. ते बाईला हसतात. "तुझ्या मनाचे खेळ आहेत, टीव्ही कमी बघ," असे म्हणून विषय संपवतात. आमच्या मते या दोन्ही वाटा सारख्याच धोक्याच्या आहेत. पहिली वाट चुकीचे कारण सांगते, दुसरी कारण शोधतच नाही. आणि कधी कधी खरे कारण त्याच खोलीत, खाटेखाली जळत असते.

हे आम्ही का म्हणतो, ते समजण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची एक नोंद पाहू. ती भुताखेतांच्या पुस्तकातली नाही. ती डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नियतकालिकातली आहे.

एका घराची गोष्ट

अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ डॉ. विल्यम विल्मर यांनी 1921 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा डोळ्यांवर होणारा परिणाम. त्या लेखात त्यांनी एका कुटुंबाची हकिगत त्या घरातल्या बाईंच्याच शब्दांत छापली. कुटुंबाचे नाव गुप्त ठेवले आहे, फक्त 'एच' एवढे अक्षर दिले आहे.

हे कुटुंब 1912 सालच्या नोव्हेंबरात एका मोठ्या, जुन्या घरात राहायला गेले. घर बरीच वर्षे रिकामे होते. वीज नव्हती. दिवे गॅसचे होते आणि घर उबदार ठेवायला तळाशी एक भट्टी होती. राहायला येऊन एक-दोन दिवस होतात न होतात तोच सगळ्यांना उदास वाटू लागले. मुले फिकट पडली, मरगळली, त्यांची भूक गेली. खेळण्यांनी भरलेल्या खोलीत खेळायला ती तयार होईनात. बाईंना डोक्यावरच्या खोलीत पावले वाजल्यासारखी ऐकू आली. त्या धावत वर गेल्या. सगळ्या खोल्या पाहिल्या. कोणी नव्हते. रात्री सामानाच्या खोलीतून लाकडी सामान ओढल्याचे, भांडी हलवल्याचे आवाज येत. चालताना कोणी मागून येते आहे, आता हात लावील, असे वाटे. नवऱ्यालाही तसेच होई. एकदा तर झोपेत कुणीतरी आपला गळा आवळते आहे असे त्याला वाटले.

एके दिवशी भर सकाळी बाई जेवणाच्या खोलीत शिरल्या, तर समोरून काळ्या कपड्यांतली, काळ्या केसांची एक अनोळखी बाई येताना दिसली. त्या न थांबता तिच्या दिशेने चालत राहिल्या. जवळ गेल्यावर ती बाई नाहीशी झाली आणि तिच्या जागी आरशात स्वतःचेच प्रतिबिंब दिसले. अंगावरचे कपडे मात्र फिकट रंगाचे होते. आणखी एका रात्री जाग आली तेव्हा खाटेच्या पायथ्याशी एक पुरुष आणि एक तरुण बाई बसलेली दिसली. हात-पाय हलेनात.

मग त्यांनी आधी त्या घरात राहून गेलेल्यांची चौकशी केली. त्यांनाही तसलेच अनुभव आले होते. त्याहून मागे गेल्यावर कळले की त्या घरात राहिलेले जवळजवळ सगळेच आजारी असत, डॉक्टरांचे औषध चालू असे, पण नेमके काय झाले आहे ते कुणालाच सापडत नसे.

आपल्या वस्तीत इथेच निकाल लागला असता. "आधीच्यांनाही झालं, म्हणजे जागाच वाईट." त्या कुटुंबाच्या सुदैवाने नात्यातल्या एकाला जुना वाचलेला एक लेख आठवला. भट्टीच्या वायूने एक सबंध कुटुंब विषबाधित झाले होते आणि त्यांना विचित्र भास झाले होते, असे त्यात होते. जाणकाराला बोलावून भट्टी तपासली. तिची अवस्था अतिशय वाईट निघाली. जळण पुरते जळत नव्हते, आणि वायू धुराड्यातून वर जाण्याऐवजी घरभर पसरत होता. मुलांना आणखी एक रात्रही या घरात झोपवू नका, असा सल्ला मिळाला. भट्टी दुरुस्त झाली आणि 'भूत' गेले.

या हकिगतीतून आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, त्या बाई खोटे बोलत नव्हत्या आणि वेड्याही नव्हत्या. त्यांना जे दिसले, ऐकू आले ते त्यांच्यासाठी खरेच होते. मेंदूला प्राणवायू कमी पडत होता, त्याचा तो परिणाम होता. दुसरी, 'आधीच्यांनाही असेच झाले' हा भुताचा पुरावा नाही. माणसे बदलली तरी त्रास तोच राहतो, याचा अर्थ त्रासाचे कारण त्या जागेत आहे. ते चुलीत असेल, धुराड्यात असेल, नसलेल्या खिडकीत असेल. ते शोधून काढता येते.

न दिसणारा, न वास येणारा

कोळसा, लाकूड, गोवऱ्या, रॉकेल, गॅस, पेट्रोल, डिझेल यांपैकी काहीही जळताना हवा पुरेशी मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. म्हणून कळतच नाही.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलून सगळ्या शरीराला पोचवते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बसमधली सगळी आसने आधीच कुणी अडवून ठेवावीत आणि खऱ्या प्रवाशांनी खालीच राहावे, तसे होते. मेंदू आणि हृदय यांना सर्वांत आधी फटका बसतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, अंगात त्राण राहत नाही, छातीत धडधडते, विचार गोंधळतात, नजर धूसर होते. काहींना भास होतात. प्रमाण वाढले तर माणूस झोपेतच जातो. पोटातल्या बाळाला, तान्ह्या मुलांना, म्हाताऱ्यांना आणि हृदयाचे दुखणे असलेल्यांना धोका अधिक.

आता आपली घरे आठवा. दहा बाय बाराची एक खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. मागच्या बाजूला दुसऱ्याची भिंत, म्हणून खिडकी नाही. असलीच तर ती डासांमुळे, चोरांमुळे किंवा गटाराच्या वासामुळे बंद. थंडीत दाराच्या फटीला गोधडी लावायची आणि निखाऱ्यांची शेगडी आत घ्यायची. अनेकांना वाटते की धूर निघून गेला, निखारा लाल झाला, म्हणजे आता भीती नाही. हा समज जीवघेणा आहे. धूर नसलेला लाल निखाराही हा वायू सोडतच असतो, आणि विझत आलेली शेगडीही.

मोरीत किंवा न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर हे दुसरे ठिकाण. जागा लहान, दार बंद, झरोका नाही. धडधाकट माणूस आंघोळीला जातो आणि बेशुद्ध पडलेला सापडतो. तिसरे ठिकाण पाणी तापवायचा बंब, तो घरात पेटवला तर. चौथे, वीज गेल्यावर खालच्या दुकानात किंवा बोळात लावलेला जनरेटर.

आणि पाचवे ठिकाण बाळंतिणीची खोली. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवायच्या, खाटेखाली शेगडी ठेवायची, वर ओव्याची धुरी द्यायची. हे आपल्या आज्या-मावश्यांनी मायेने केले, आजही होते. त्यात ती बाई म्हणाली की डोके फुटते आहे, कोणीतरी दिसते आहे, तर घरातली जाणती माणसे काय म्हणतात? "ओली बाळंतीण आहे, बाहेरचं काही लागलं असेल." ज्या खोलीने ती आजारी पडली, त्याच खोलीत तिला आणखी कोंडले जाते.

'झपाटलेली' बहुतेक वेळा बाईच का असते, याचेही उत्तर इथे आहे. पुरुष कामाला बाहेर जातो, त्याला मोकळी हवा मिळते. चुलीपाशी आणि बंद खोलीत दिवस काढते ती बाई, आणि तिच्याजवळची लहान मुले. नवरा म्हणतो, "मला तर काही होत नाही." खरे आहे. तो घरात असतो किती वेळ?

धुरीवर धुरी

भगताकडे गेल्यावर काय होते तेही स्पष्ट बोलू या. दार लावले जाते, ऊद-धूप जाळला जातो, अंगारा लावला जातो, प्रसंगी मिरचीची धुरी दिली जाते. ज्या शरीराला स्वच्छ हवेची गरज आहे, त्याच्या नाकाशी आणखी धूर. बाई खोकून बेशुद्ध पडली तर "भूत जोरात आहे" असे म्हणतात. बाहेरच्या हवेत आणल्यावर शुद्धीवर आली तर श्रेय भगताला. खोली तशीच राहते, शेगडी तशीच राहते, आठ दिवसांनी पुन्हा तेच.

महाराष्ट्रात 2013 सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो यावा म्हणून आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला, हे विसरता येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, दंडही आहे. कुणी असे करत असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. पण कायदा शेवटी येतो. त्याआधी घरातल्यांनी नीट विचारणे यायला हवे.

विचारणे हाच धम्म

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अधम्म म्हणजे काय ते सांगताना अलौकिकावरचा विश्वास प्रथम घेतला आहे. घडलेल्या प्रत्येक घटनेला कारण असते, आणि ते कारण माणसाच्या कृतीत किंवा निसर्गात असते, ही भगवान बुद्धांची शिकवण त्यांनी तिथे मांडली. आत्म्यावरचा विश्वासही त्यांनी अधम्मातच घातला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. भटकणारा आत्मा मानायचा नाही, तर त्याच्यासाठी लिंबू कापायचे कशाला?

पण इथे आम्हांला आपल्याच कार्यकर्त्यांना एक सांगायचे आहे. "भूत नसते" एवढे सांगून आपले काम संपत नाही. कालामांना बुद्धांनी सांगितले ते हेच की ऐकीव आहे, परंपरा आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. पारखणे म्हणजे हसणे नव्हे. एखादी भगिनी म्हणाली, "ताई, मला कुणीतरी दिसतं," तर तिला प्रतिज्ञा ऐकवण्याआधी तिच्याजवळ बसा. केव्हापासून? कोणत्या वेळी? घरात काय जळते? खिडकी आहे का? बाहेर गेल्यावर बरे वाटते का? मुलांचेही डोके दुखते का? एवढे विचारले तर भगताची अर्धी गरज तिथेच संपते. भगत निदान ऐकून तरी घेतो, म्हणून लोक त्याच्याकडे जातात. आपण ऐकले नाही तर दोष फक्त त्यांचा नाही.

काय पाहावे, काय करावे

घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, गरगर होते, ताप नसतो, आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटते, परत घरात आल्यावर पुन्हा सुरू होते: ही खूण पक्की लक्षात ठेवा.

असा संशय आला तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. दार-खिडक्या सताड उघडा, गॅस बंद करा. कोणी बेशुद्ध असेल, गुंगीत असेल, छातीत दुखत असेल तर 108 ला फोन करा. लिंबूपाणी, कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. यावर उपचार म्हणजे रुग्णालयात मुखवट्यातून दिला जाणारा शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा व्हायलाही चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर तेच काम साधारण तास-दीड तासात होते.

डॉक्टरांना आपणहून सांगा, "खोली बंद होती, शेगडी पेटलेली होती," किंवा "गिझर चालू होता." हे सांगितले नाही तर त्यांच्याही लक्षात येईलच असे नाही. कोरोनापासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे, पण त्यावर इथे विसंबू नका. हा वायू चिकटलेले रक्तही त्या यंत्राला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते, आणि आकडा चांगला येतो. त्यासाठी कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची वेगळी रक्ततपासणी असते.

पेटलेली शेगडी घेऊन कधीही झोपू नका. शेकायचे असेल तर ओट्यावर, अंगणात, दार उघडे ठेवून शेका आणि शेगडी बाहेरच ठेवून आत या. बाळ-बाळंतिणीला ऊब हवी, तर ती गोधडीने, टोपडे-मोज्यांनी आणि आईच्या अंगाने द्या. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणे ही सर्वांत चांगली ऊब. याबद्दल आशाताईंना विचारा. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते शक्य नसेल तर आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडे ठेवा, मग आंघोळ करा. गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली, भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नर साफ करून घ्या.

प्रत्येक भास वायूमुळेच होतो असे आम्ही म्हणत नाही. झोपेतून जाग येते पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, हे झोपेच्या घडीतल्या गडबडीमुळे होते. रात्रपाळी आणि अपुरी झोप असली की जास्त होते. ते काही क्षणांत जाते. घरातले माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येणे हे दुःखातून होते, ते वेड नव्हे. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत भास आणि थरथर सुरू होऊ शकते. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. बाळंतपणानंतर काही दिवसांत बाई असंबद्ध बोलू लागली, झोपेना, बाळाला घाबरू लागली, तर तोही तातडीचा आजार आहे आणि तो बरा होतो. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी सेवेला 14416 वर फोन करता येतो. फुकट आहे, मराठीत बोलता येते.

शेवटी एक मुद्दा राहतो. खिडकी नसलेली खोली कुणी हौसेने घेत नाही. परवडते ती घेतो. घरमालक झरोका काढू देत नाही, पुनर्वसनाच्या इमारतीत दोन भिंतींमधून हवा येत नाही. म्हणून "खिडकी उघडा" हा सल्ला एकेकट्या घराला देऊन भागणार नाही. महिला मंडळाने, विहार समितीने पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास याच विषयाला द्यावा. कोणत्या गल्लीत किती खोल्यांना झरोका नाही, कुठे गिझर आत बसवला आहे, कुठे बाळंतीण आहे, याची यादी करावी. एका झरोक्यासाठी एक भाडेकरू भांडला तर त्याला खोली सोडावी लागते. पंचवीस जण गेले तर मालक ऐकतो. नळासाठी आणि शौचालयासाठी आपण मोर्चे काढले आहेत. हवा त्याहून कमी महत्त्वाची नाही.

पुढच्या वेळी शेजारीण म्हणाली, "त्या खोलीत काहीतरी आहे," तर तिला हसू नका. म्हणा, "हो, असेल. चल, दार उघडून बघू काय जळतंय ते."

नमो बुद्धाय. जयभीम.